पियानोच्या पोटातले आवाज कागदावर कसे उतरवायचे?

अर्धविराम (धागाकर्ता)

एकट्या पियानोसाठी सातेक मिनिटांची रचना लिहितोय. अर्ध्याहून जास्त भाग सरळ पट्ट्यांवरचा आहे, त्याची काळजी नाही. मधला तुकडा मात्र पियानोच्या आत घडतो. तारा बोटाने छेडायच्या, एका हाताने तार दाबून दुसऱ्याने पट्टी वाजवायची म्हणजे 'ठक्' असा बुजलेला स्वर येतो, खर्जाची तार नखाने लांबीच्या दिशेने खरवडायची, दोन ठिकाणी लाकडावर टकटक आणि शेवटी तीन हार्मोनिक (तारेवर बोट हलकेच टेकवून काढलेले वरचे स्वर). घरच्या पियानोवर सगळं करून पाहिलंय, फोनवर ध्वनिमुद्रणही आहे. कानाला पटतंय. कागदावर उतरवताना घोडं अडलंय.

पहिला खर्डा एका वादक मैत्रिणीला दिला होता. तिने पहिल्याच पानावर सात प्रश्नचिन्हं काढून तो परत केला. फुलीचं नोटहेड (स्वराच्या खुणेचं डोकं) मी तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरलं होतं, आणि तिने बोट ठेवेपर्यंत मला ते दिसलंच नव्हतं.

तर जाणकारांना विचारायचंय. या आवाजांसाठी सर्वमान्य चिन्हं आहेत का, की प्रत्येकाने आपापली बाराखडी काढायची? आणि मुख्य गोंधळ असा, की स्टाफवर (पाच रेघांवर) मी जो स्वर लिहीन तो बोट ज्या तारेवर ठेवायचं तिचा, की कानाला जो ऐकू येणार तो? हार्मोनिकमध्ये दोन्ही वेगळे असतात. सूचनांचं पान आत्ताच दीड पानी झालंय, ते आणखी निराळंच.

रेघोटी

सर्वमान्य म्हणावीत अशी नाहीत, पण अगदी अराजकही नाही. पन्नास-साठच्या दशकांत ज्याने त्याने स्वतःची चिन्हं काढली आणि वादकांच्या डोक्याला ताप झाला. त्या सगळ्याला थोडी शिस्त लावावी म्हणून १९७४ साली बेल्जियममधल्या गेंटला नव्या स्वरलेखनावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मग १९८० मध्ये कर्ट स्टोन यांचं पुस्तक आलं, २०११ मध्ये एलेन गूल्ड यांचं 'बिहाइंड बार्स'. हल्ली शंका आली की बहुतेक जण गूल्डबाईंचा तो जाडजूड ठोकळा उघडतात.

पियानोपुरतं बोलायचं तर काही खुणा आता रुळल्यात. बुजवलेल्या तारेच्या स्वरावर अधिकचं चिन्ह, हार्मोनिकवर छोटं पोकळ वर्तुळ, आवाज न करता दाबून धरलेल्या पट्टीला हिऱ्याच्या आकाराचं नोटहेड. छेडण्यासाठी चिन्हाच्या मागे लागू नकोस, 'पिझ्झ.' लिही, कोणालाही कळतं. फुली म्हणजे फक्त 'इथे नेहमीचा स्वर नाही'. काय आहे ते ती सांगत नाही. म्हणून एकाच तुकड्यात फुलीला एकच अर्थ ठेव, तुझ्या बाबतीत लाकडावरच्या टकटकीचा.

तिहाई

वाचतोय. विषय कधी डोक्यातही आला नव्हता.

काळी_पट्टी

मी ही असली रचना गेली बरीच वर्षं वाजवतेय, त्यामुळे थोडं लांबण लावते.

रेघोटीने हिऱ्याचं सांगितलं, त्यातच पहिला खड्डा आहे. पियानोत हिरा म्हणजे मुकी दाबलेली पट्टी. संगीतकार शोनबर्गच्या १९०९ च्या ओपस ११ मधल्या पहिल्याच तुकड्यात तो आहे. उजव्या हाताने पट्ट्या आवाज न करता खाली नेऊन धरायच्या, म्हणजे त्या तारांवरचे डॅम्पर (तारेवर टेकून तिला गप्प ठेवणारे फेल्टचे तुकडे) उठतात, मग डावा हात खाली वाजवतो आणि वरच्या मोकळ्या तारा आपोआप गुणगुणायला लागतात. पण व्हायोलिनवाल्यांच्या जगात हिरा म्हणजे 'इथे बोट हलकेच टेकव', हार्मोनिकची जागा. आता तुझ्या तुकड्यात हार्मोनिक आहेत. तू व्हायोलिनच्या सवयीने हिरा काढलास तर मी पट्टी मुकी दाबेन आणि तू म्हणशील आवाज का येत नाही. हे माझ्याबरोबर झालंय. तालमीची पहिली वीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना सभ्यपणे मूर्ख समजत होतो.

आता तुझा मुख्य प्रश्न. हाताचं लिहायचं की कानाचं? दोन्ही वाटांनी मोठमोठे लोक गेलेत. केजची तयार पियानोवरची रचना घे, 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स', १९४६ ते ४८. पंचेचाळीस स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर, प्लास्टिक खुपसायचं. पण स्वरलेखन बघशील तर एकदम साधं, एखाद्या जुन्या सोनाटासारखं. कारण कागद फक्त पट्टी सांगतो. त्या पट्टीतून मडकं वाजेल की घंटा हे सगळं सुरुवातीच्या तक्त्यात आहे: कोणती वस्तू, कुठल्या दोन तारांमध्ये, डॅम्परपासून किती इंचांवर. वाचायला सोपं, पण साध्या पियानोवर सराव करताना डोकं फिरतं. घरी एक ऐकू येतं आणि मैफलीत भलतंच.

कॉवेलने 'द बॅन्शी'मध्ये (१९२५) तिसरीच वाट काढली. सगळं वादन तारांवर. स्टाफवर स्वर आहेत, पण प्रत्येकाच्या डोक्यावर एक अक्षर. इंग्रजी वर्णमालेतली पहिली बारा अक्षरं, आणि प्रत्येकाचा खुलासा वेगळा लिहिलेला: बोटाच्या मांसल भागाने तारांवरून आडवं फिरायचं, एकाच तारेवर लांबीने घासायचं, नखाने घासायचं, असं. शंभर वर्षं झाली, पण अजून कोणीही तो कागद उचलून वाजवू शकतो. माझ्या मते तुझ्या दीड पानी सूचनांचं उत्तर तिथे आहे. चिन्ह थोडं, अक्षर एक, खुलासा एका वाक्यात.

आणि अगदी पलीकडच्या टोकाला लाखनमानचा 'ग्वेरो', १९७०. नेहमीच्या पद्धतीने वाजवलेला एकही स्वर नाही. नखं पट्ट्यांच्या पृष्ठभागावरून, कडांवरून करकरत जातात. तिथे स्वर लिहिण्यात अर्थच नाही, त्यामुळे कागदावर दिसतो तो हाताचा प्रवास, पट्ट्यांच्या कुठल्या टोकापासून कुठे आणि किती वेगाने.

माझा कौल हाताच्या बाजूने. मला आधी हात कुठे ठेवायचा ते सांग. काय ऐकू यायला हवं ते कंसात बारीक स्वरात लिही, म्हणजे चुकलं तर मला कळेल.

तिहाई

काळी_पट्टी, हे वाचून गंमत वाटली. तबल्याचे बोल हेच दुखणं घेऊन शतकानुशतकं सुखाने जगताहेत. 'धा' म्हटलं की आवाज कळतो. पण 'ते'साठी कुठलं बोट ते घराण्यागणिक बदलतं. आमच्याकडे ती जागा गुरू भरून काढतो. कागदावर फक्त बोल. तुमच्याकडे गुरू नाही, म्हणून सूचनांचं पान. (दिवे घ्या.)

काळी_पट्टी

दिवे घेतले. पण मुद्दा खरा आहे. यातल्या कित्येक रचना पहिल्यांदा वाजवणाऱ्याने संगीतकाराच्या शेजारी बसून शिकल्या. ते दोघंही गेले की उरतो तो कागद.

खुंटीवाला

ट्यूनर आहे. धागा बघून आधी पोटात गोळा आला, मग वाचला.

अर्धविराम, एक विचारू का? घरचा पियानो कुठला? ग्रँड (आडवा) की अपराइट (उभा)?

अर्धविराम

अपराइट आहे. वरचं आणि खालचं पॅनेल काढून केलं सगळं. फरक पडतो का काका? तारा त्याच की.

खुंटीवाला

तारा त्याच, पण तू जिथे हात घातलास ती जागा ग्रँडमध्ये तिथे नाही.

अपराइटमध्ये तारा उभ्या. खालचं पॅनेल काढलं की खर्जाच्या तारांचं ब्रिजकडचं टोक तुझ्या गुडघ्यापाशी. उजवा हात पट्ट्यांवर ठेवून डाव्या हाताने आरामात खरवडता येतं. ग्रँडमध्ये तेच टोक वादकापासून पार पलीकडे. मैफलीचा मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब असतो, त्याची सगळ्यात खालची तार दोन मीटरच्या आसपास. बसून हात पोचणार तो खुंट्या आणि डॅम्पर यांच्या आसपास, फार तर त्याच्या थोडं पुढे. उलट अपराइटमध्ये वरच्या भागात हातोड्यांची सगळी यंत्रणा तारांच्या समोर उभी असते, म्हणजे ग्रँडमध्ये जे सहज जमतं ते तुला घरी करून बघताच येणार नाही.

तुझी रचना अपराइटसाठी असेल तर तसं मोठ्या अक्षरात लिही. ग्रँडसाठी असेल तर निम्मी पुन्हा तपासावी लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस, आत्ता कळलं ते बरं.

अर्धविराम

आई गं.

बार (मात्रांचे गट) ३४ ते ४१ मध्ये उजव्या हाताने पट्ट्या आणि डाव्याने त्याच वेळी खर्ज खरवडणं आहे. पूर्ण तुकड्याचा कणाच तो आहे.

काळी_पट्टी

तरी म्हटलं त्या खर्ड्यात एवढी प्रश्नचिन्हं का आली असतील. :)

अगदी मोडीत काढू नकोस. 'बॅन्शी'तही हाच पेच आहे आणि कॉवेलने तो दोन माणसं घेऊन सोडवला. एक जण पट्ट्यांसमोर बसून फक्त उजवं पेडल दाबून धरतो, दुसरा पियानोच्या कडेला जिथे वळण आहे तिथे उभा राहून तारा हाताळतो. दुसरा उपाय म्हणजे खरवडणं तारेच्या जवळच्या टोकाकडे आणायचं, डॅम्परच्या लगेच पुढे. लांबी कमी मिळेल, म्हणून आवाज आखूड आणि जरा कोरडा येईल. तो चालतो का ते कान ठरवेल. तिसरा उपाय, त्या आठ बारमध्ये पट्ट्या आणि तार एकावेळी नकोतच. कॉवेलच्याच 'इओलियन हार्प'मध्ये (१९२३) एक हात पट्ट्या मुक्या दाबून धरतो आणि दुसरा तारांवरून फिरतो. दाबलेल्या पट्ट्यांच्याच तारा मोकळ्या असल्यामुळे फक्त तेवढेच स्वर झंकारतात. स्वरमंडळावर हात फिरवल्यासारखं, पण राग पट्ट्यांनी ठरवलेला. हे बसून होतं.

आणि पेडल! तुझ्या धाग्यात आत्तापर्यंत पेडलचा उल्लेखच नाही. उजवं पेडल खाली नसेल तर तारेवर डॅम्पर बसलेला असतो, मग छेडलं काय आणि खरवडलं काय, 'टप्' एवढंच. घरी तू पाय ठेवूनच केलं असशील, अभावितपणे. कागदावर मात्र लिहावं लागतं, आणि कुठे सोडायचं तेही.

शांतम्

एक प्रामाणिक प्रश्न, भांडायला आलेलो नाही. हे ऐकताना मला नेहमी वाटतं की आवाजापेक्षा वादक वाकतोय, उठतोय, काहीतरी ठेवतोय, हेच पाहिलं जातं. डोळे मिटून ऐकलं तर यातलं किती उरतं?

काळी_पट्टी

काही रचनांत फार थोडं उरतं, कबूल. रझेव्स्कीच्या १९७५ च्या 'द पीपल युनायटेड'मध्ये छत्तीस व्हेरिएशन्समध्ये शीळ आहे, झाकण आपटणं आहे, पण ती मीठ टाकावं तेवढी. उरलेलं सगळं सरळ, दमछाक करणारं पियानोवादन. उलट क्रमचा 'माक्रोकॉस्मोस' (पहिला खंड १९७२, दुसरा १९७३) डोळे मिटूनच ऐका. पियानोला माइक लावलेला असतो, त्यामुळे तारेवरचा नखाचा स्पर्शसुद्धा खोलीभर होतो. दुसऱ्या खंडात एके ठिकाणी तारांवर कागद पसरतात, तेव्हा पट्ट्यांमधून जी झिरमिर येते ती दुसऱ्या कशानेच येत नाही.

गंमत अशी की क्रमचा कागद मात्र डोळे उघडे ठेवूनच बघायला हवा. पहिल्या खंडातल्या बारा तुकड्यांपैकी तीन आकारात लिहिलेत: एक क्रॉस, एक वर्तुळ, एक सर्पिल. अक्षरशः स्टाफच वळवलेला. सुंदर दिसतं. वाजवताना मान वाकडी करून वाचायचं की पाठ करायचं, एवढेच दोन पर्याय. मी पाठ केलं.

झाकणावरून आठवलं. एका सभागृहात मी शीळ-झाकणवाला तुकडा वाजवत होते. पट्ट्यांवरचं झाकण आपटायची जागा आली, ढकललं, आणि ते आपलं सावकाश, राजेशाही थाटात, सात सेकंद घेऊन खाली आलं. नव्या बऱ्याच पियानोंना हळू मिटणारं झाकण असतं, बोटं चेंगरू नयेत म्हणून. मला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रेक्षकांना वाटलं हाच अर्थ असणार.

खुंटीवाला

हसून हसून पुरेवाट झाली. त्या सभागृहाच्या ट्यूनरच्या वतीने मी माफी मागतो.

आता माझ्या बाजूचं थोडं, कारण वादक नेमकं हे विचारत नाहीत आणि मग दुसऱ्या दिवशी फोन येतो.

बोटांना घाम असतो. पोलादी तारेवर तो राहिला की गंज धरतो, खर्जाच्या तांब्याच्या वेटोळ्यांवर राहिला की त्या काळवंडतात आणि आवाज मरतो. म्हणून आधी हात धुवून कोरडे, नंतर सुक्या फडक्याने तारा पुसा. डॅम्परला काहीही झालं तरी हात लावायचा नाही. तो फेल्टचा तुकडा एक मिलिमीटर वाकडा झाला तरी ती तार नंतर गुणगुणत राहते आणि शोधायला आम्हाला तास जातो.

तारांच्या मध्ये स्क्रू घालायचा असेल तर आधी पेडल दाबून डॅम्पर वर घ्या, तारा प्लास्टिकच्या किंवा लाकडी पाचरीने हळू विलग करा, मग वस्तू सरकवा. स्क्रूड्रायव्हरने तार उचलणाऱ्यांना मी ओळखतो. स्क्रू इतका जाड नको की तार तिच्या जागेवरून ढळेल. तार ढळली की सूर उतरतो आणि डॅम्पर नीट बसत नाही.

धातूचा टोला खर्जाच्या तारांवर नको, रबर किंवा फेल्टचा चालेल. नायलॉनच्या दोऱ्याने तारा घासायच्या असतील, म्हणजे कर्टिस-स्मिथने १९७२ च्या सुमारास सुरू केलं तसं, तर दोऱ्याला राळ लावावी लागते. ती तारेवर बसते आणि साफ करायला जीव जातो. आधी विचारा, एवढंच.

खुणांसाठी चॉक तारांवर घासू नका, भुकटी खाली साउंडबोर्डवर आणि डॅम्परमध्ये जाते. चिकटपट्टी तारेवर तर नकोच. कमी चिकट कागदी पट्टीचा बारीक तुकडा डॅम्परच्या लाकडी डोक्यावर, काम झालं की लगेच काढायचा. तेही आधी विचारून.

अर्धविराम

काका, हे सगळं कापून भिंतीवर लावतोय.

हार्मोनिकबद्दल विचारतो. तीन हार्मोनिक शेवटी आहेत, खर्जाच्या तारांवर, डावं बोट तारेवर आणि उजव्याने पट्टी. घरी बोट नेमकं तारेच्या मध्यावर ठेवत होतो. ग्रँडवर मध्य म्हणजे एक मीटर आत?

खुंटीवाला

मोठ्या पियानोवर हो. उभं राहून वाकावं लागेल आणि मग उजवा हात पट्टीपर्यंत कसा येणार ते बघ. मध्यावर एक सप्तक वरचा स्वर मिळतो. तारेच्या तिसऱ्या भागावर टेकवलंस तर सप्तक आणि वर पंचम. चौथ्यावर दोन सप्तकं. पाचव्या भागावर टेकवलंस तर दोन सप्तकं आणि वर गंधार, तोच जो तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू ऐकू येतो. दोन मीटरच्या तारेचा पाचवा भाग म्हणजे चाळीस सेंटिमीटर, बसून हात पोचतो. पण छोट्या ग्रँडवर ती जागा नेमकी डॅम्परखाली येऊ शकते. पियानोगणिक तारांची लांबी वेगळी, म्हणून कागदावर सेंटिमीटर लिहू नकोस, भाग लिही.

मधल्या नि वरच्या तारांवर हार्मोनिकच्या नादी लागू नकोस. तार आखूड होत जाते, बोट दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की स्वर मरतो. आणि सगळ्यात वरच्या दीडएक सप्तकाला डॅम्परच नसतात हेही ध्यानात ठेव. तिथे छेडलेली तार पेडल सोडलं तरी वाजतच राहते.

आणखी एक. लोखंडी सांगाड्याचे दांडे तारांच्या वरून जातात आणि ते प्रत्येक बनावटीत वेगळ्या ठिकाणी असतात. म्हणजे खालपासून वरपर्यंत तारांवरून हात फिरवायचा असं लिहिलंस तर मध्ये दोन-तीन ठिकाणी हात उचलावा लागणार. कुठे, ते तू सांगू शकत नाहीस. सुरुवातीचा आणि शेवटचा स्वर लिही आणि मधलं वादकावर सोड.

रेघोटी

+१. आणि तारांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फरक दिसत नाही, त्यामुळे वादक तार शोधतो ती डॅम्पर मोजून. त्याला वेळ लागतो. पट्टीवरून उठून तारेपर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद तरी मोकळे ठेव, नाहीतर तुझे सोळाव्या भागाचे विराम शोभेचे ठरतील.

नोटेशनच्या सॉफ्टवेअरबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगते. ज्या फॉन्ट-मानकावर हल्लीची सॉफ्टवेअरं चालतात ते २०१३ मध्ये आलं आणि त्यात पियानोच्या खास चिन्हांचा वेगळा कप्पाच आहे. त्यामुळे हिरे, क्लस्टर (शेजारशेजारच्या अनेक पट्ट्या एकदम दाबणं), पेडलच्या खुणा हाताने काढत बसू नकोस. अवांतर: क्लस्टरचं लिहिणं कॉवेलमुळेच सोपं झालं. खालचा आणि वरचा स्वर लिहायचा, मध्ये जाड रेघ, वर तीव्राचं चिन्ह असेल तर फक्त काळ्या पट्ट्या आणि नैसर्गिकचं असेल तर फक्त पांढऱ्या. आईव्ह्जने तर 'कॉनकॉर्ड सोनाटा'मध्ये पट्ट्या दाबायला पावणेपंधरा इंचांची लाकडी फळी सांगितलीय, म्हणजे लांबीचा वादच मिटला.

काळी_पट्टी

फळीपेक्षा स्टॉकहाउझेनचे हातमोजे बघा. 'क्लाविअरश्ट्युक' दहामध्ये क्लस्टर घसरत जातात, आणि कातडी सोलवटू नये, हात सुळकन सरकावा म्हणून बोटं उघडी ठेवणारे मोजे घालून वाजवतात. संगीतकारांना सांगावंसं वाटतं की वाजवणाऱ्याला कातडी असते.

अर्धविराम, मघाशी एक राहिलं: पानं ठेवायची फळी. ग्रँडमध्ये ती नेमकी खुंट्या आणि तारांच्या अलीकडच्या टोकावर बसते. आत हात घालायचा तर ती काढावी लागते, मग कागद सपाट सांगाड्यावर किंवा फळीची मागे सरकवलेली पट्टी वापरून. म्हणजे वादक लांबून आणि तिरक्या कोनातून वाचणार. अक्षर मोठं ठेव, आतल्या भागात पान उलटायला लावू नकोस.

मधल्या पेडलवरही अवलंबून राहू नकोस. ग्रँडमध्ये ते निवडक स्वर धरून ठेवतं, पण तुझ्या अपराइटमध्ये ते बहुधा फेल्टचा पडदा खाली आणणारं असेल, शेजाऱ्यांसाठीचं. डाव्या पेडलचं तर आणखी बारीक आहे. ग्रँडमध्ये ते दाबलं की अख्खी यंत्रणा उजवीकडे सरकते आणि तीन तारांपैकी डावीकडची तार हातोडीतून सुटते. केजने त्याचा फायदा घेतला. स्क्रू दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेत असेल तर पेडल वर असताना मोकळ्या तारेचा सूर आणि खडखडाट दोन्ही, पेडल खाली असताना फक्त खडखडाट. एकाच पट्टीतून दोन वाद्यं. अपराइटमध्ये हे होत नाही, तिथे डावं पेडल नुसत्या हातोड्या जवळ आणतं.

शांतम्

मी मघाशी विचारलं होतं त्याबद्दल. क्रमचा पहिला खंड काल रात्री दिवे मालवून ऐकला. शब्द मागे घेतो. सगळे नाही, अर्धे.

काळी_पट्टी

अर्धे पुरेत. :)

तिहाई

डायनॅमिक्सचं (आवाजाच्या लहानमोठेपणाचं) काय करता? बुजवलेल्या तारेवर कितीही जोरात मारलं तरी आवाज केवढासा. मग 'फॉर्टिसिमो' (फार जोरात) लिहिलं तर ते कोणाचं, हाताचं की कानाचं?

काळी_पट्टी

हाच सगळ्यात चांगला प्रश्न, आणि विचारला तबलजींनी. काही संगीतकार अशा ठिकाणी डायनॅमिक अवतरणात लिहितात. अवतरणात असेल तर तो हाताचा जोर, नसेल तर कानाचा. सूचनांच्या पानावर एक ओळ पुरते. मला ते फार आवडतं, कारण मग मी जीव तोडून वाजवते आणि बाहेर कुजबुज येते, आणि तो ताण ऐकणाऱ्यालाही जाणवतो.

अर्धविराम

आठ दिवस गायब होतो. खुंटीवाल्या काकांच्या सांगण्यावरून एका ओळखीच्यांच्या ग्रँडसमोर दोन संध्याकाळी बसलो (त्यांच्या ट्यूनरला विचारून, हात धुवून).

आता काय झालंय ते सांगतो. सूचनांचं पान अर्ध्यावर आलं. चार अक्षरं ठेवली, प्रत्येकाला एक वाक्य. फुली फक्त लाकडासाठी, आणि कुठल्या लाकडावर तेही लिहिलंय, कारण झाकणाच्या आतल्या बाजूचा आवाज आणि पट्ट्यांखालच्या दांड्याचा आवाज यांत बराच फरक निघाला. हिरा पूर्ण काढून टाकला. हार्मोनिकसाठी पट्टीचा स्वर मोठा, वर वर्तुळ, शेजारी 'तारेचा १/५', आणि कंसात बारीक नोटहेडने ऐकू येणारा स्वर. म्हणजे हात आधी, कान नंतर, काळी_पट्टी म्हणाल्या तसं. तीनपैकी दोन हार्मोनिक पाचव्या भागावर बसले. तिसरा त्या पियानोवर दांड्याखाली गेला, तो काढला. त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही आणि शेवट उलट चांगला झाला.

३४ ते ४१ चा मात्र हट्ट सोडवेना. जवळच्या टोकाचं खरवडणं करून पाहिलं, पण तो आवाज म्हणजे झिपर ओढल्यासारखा. मला हवा होता तो खोल, लांब, दूरवर काहीतरी फाटल्यासारखा. म्हणून दुसरा माणूस घेतलाय. रचनेचं उपशीर्षक आता 'पियानो आणि एका मदतनिसासाठी' असं आहे. मदतनीस पूर्ण सात मिनिटं पियानोच्या कडेच्या वळणाशी उभा राहतो आणि फक्त आठ बार वाजवतो. हास्यास्पद आहे का?

काळी_पट्टी

अजिबात नाही. नुसता उभा राहणारा माणूस ऐकणाऱ्याला वाट बघायला लावतो. फक्त त्याला पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं ते लिही, नाहीतर तो घाबरून नाक खाजवेल.

नवा खर्डा मिळाला, काल सावकाश वाजवून पाहिला. मदतनीस म्हणून भाच्याला उभं केलं, त्याला सूचनांचं पान वाचून दाखवावं लागलं नाही, त्याने स्वतः वाचलं आणि केलं. तुझ्या आत्ताच्या पानाची याहून मोठी परीक्षा मला सुचत नाही. अक्षर 'ग' चं वाक्य तेवढं बदल: 'नखाने हळू' म्हटलंयस, त्याने हळू म्हणजे हलक्या हाताने असं धरलं. तुला सावकाश म्हणायचंय ना? मग 'सावकाश, पण दाब देऊन' लिही.

आणि ३४ व्या बारात पेडल दाबायचं लिहिलंयस, सोडायचं कुठेच नाही. पुढचं अख्खं पान त्या धुक्यातच वाजवलं मी.

अर्धविराम

मुद्दाम नव्हतं ते. ४२ च्या पहिल्या मात्रेवर सुटायला हवं. आत्ता दुरुस्त करतो.

खुंटीवाला

मदतनिसालाही हात धुवायला सांग.